टाचण्यांची उशी

मे महिन्याचा तिसरा रविवार. सकाळचे साडेआठच वाजले होते, पण गच्चीवरचा चायना मोझेक तेवढ्यातच पायाला चटके द्यायला लागला होता. आमच्या सोसायटीत दर रविवारी शहापूरकडचा एक माळी येतो. खालच्या बागेचं काम उरकलं की वर माझ्या कुंड्यांकडे एक चक्कर मारतो, चहा घेतो आणि जातो. त्या दिवशी तो तेरड्याचं बी कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आला होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी एक कुंडी सरकवून ठेवली होती, तिच्यापाशी तो उकिडवा बसला. माती बोटाने उकरून पाहिली, झाडाच्या बुडख्याला अंगठा लावून पाहिला. मग हात झटकत म्हणाला, "काका, आता जाऊ द्या त्याला. पाऊस काढणार नाही हे. कुंडी मोकळी करा, तेरडा लावून देतो." मी म्हणालो, पुढच्या रविवारी बघू. तो बरं म्हणून चहा प्यायला. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. मी मात्र आठवडाभर ते वाक्य घेऊन फिरतो आहे, कारण हेच शब्द मला आधी एकदा कुणीतरी फोनवर सांगितले होते आणि तेव्हाही मी 'बघू' असंच म्हटलं होतं.

झाड आहे स्कॅबिओसाचं. इंग्रजीत त्याला पिनकुशन फ्लॉवर म्हणतात. आमच्या घरात ते आलं माझ्या भाचीमुळे. ती ब्रायटनला शिकायला आहे. तिथे शहराच्या पाठीमागे साउथ डाउन्सच्या टेकड्या आहेत, वरवर हिरव्यागार गवताच्या आणि आतून नुसत्या पांढऱ्या खडूच्या. सुट्टीच्या दिवशी त्या टेकड्यांवर चालायला गेली असताना तिने मला एक फोटो पाठवला. गवतातून वर आलेल्या बारीक दांड्यावर फिकट निळं-जांभळं, चपटं गोल फूल, आणि त्यातून वर डोकावणारे, टोकाला गाठ असलेले असंख्य बारीक तंतू. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, 'मामा, आजीची उशी!'

आजीची उशी म्हणजे माझ्या आईची टाचण्यांची उशी. आई दहिवडीला, आमच्या माणदेशातल्या गावी, कपडे शिवायची. परकर, पोलकी, शाळेच्या मुलींचे फ्रॉक, बायकांची काज-बटणं. पायमशीन ओसरीवर उजेडाच्या बाजूला असायचं आणि मशीनच्या डाव्या हाताला ही उशी. जांभळ्या मखमलीचा एक तुकडा कुणाच्या तरी जाकिटाचा उरलेला होता, त्याची तिने केली होती. आमच्या मुठीएवढी, वरून जराशी फुगीर. आत कापूस नव्हता. आई रोज विंचरताना निघालेलं केसांचं गुंतवळ एका फडक्यात साठवायची, खोबरेल तेल मुरलेलं, आणि तेच तिने त्या उशीत ठासून भरलं होतं. मी लहानपणी विचारलं होतं की कापूस का नाही भरलास. ती म्हणाली होती, "कापसात सुई गंजती. केसात न्हाई गंजत." रंगीत डोक्यांच्या टाचण्या कडेला गोल, मधे सुया, आणि एक मोठा दाभण सगळ्यांच्या वर. कपडा हातात असताना नजर न उचलता ती डावा हात नेमका हव्या त्या टाचणीवर न्यायची. भाची लहान असताना सुट्टीत तिच्याशेजारी बसून त्या टाचण्या काढून पुन्हा रंगांप्रमाणे टोचत बसायची, म्हणून तिला तो फोटो काढावासा वाटला.

तो फोटो पाहिल्यावर मला ते फूल हवंच झालं. त्याबद्दल सापडेल ते वाचत सुटलो. नाव काही फार बरं नाही. लॅटिनमध्ये 'स्केबीज' म्हणजे खरूज, आणि जुन्या काळी युरोपात खरजेवर या झाडाचा पाला वापरत, म्हणून स्कॅबिओसा. एवढ्या नाजूक फुलाला असं नाव मिळालं याचं मला आजही वाईट वाटतं. याचं 'बटरफ्लाय ब्लू' नावाचं एक बुटकं वाण आहे, जेमतेम फूटभर उंच, आधाराची काठी न लागणारं, महिनोन्‌महिने फुलत राहणारं. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने २००० साली त्याला वर्षाचं बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं होतं. पण ते वाण फांद्यांपासून वाढवतात, बियांपासून नाही. मला मिळालं ते त्याच कोलंबारिया जातीच्या एका दुसऱ्या बुटक्या वाणाचं बी. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पेरेनियल, भरपूर ऊन.' ऊन आमच्या गच्चीवर हवं तेवढं आहे. 'पेरेनियल', म्हणजे वर्षानुवर्षं जगणारं, या शब्दावर मी त्या वेळी थांबलो नाही.

बी हातात घेतलं तेव्हाच मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो होतो. बी म्हणजे एक इवलीशी कागदी वाटी, पतंगाच्या कागदासारखी अर्धपारदर्शक, आणि तिच्या तळातून वर आलेली पाच काळी कुसळं, चांदणीसारखी पसरलेली. बॅडमिंटनचं फूल कुणी मुंगीसाठी करावं तसं. २०२४च्या ऑक्टोबरात, पाऊस निघून गेल्यावर, मी ते ट्रेमध्ये पेरलं. दोन आठवड्यांच्या आत कोंब दिसले. पण मुख्य प्रश्न मातीचा होता. मुंबईत गोणीतून येते ती लाल माती कोकणातली, आणि ती आंबट असते. वर्षानुवर्षांचा धो-धो पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो. हे झाड तर खडूच्या टेकडीवरचं, त्याला चुना हवा आणि पाणी क्षणभरही साचायला नको. मग मी लाल माती कमी केली, वाळू आणि विटांचा चुरा भरपूर घातला, शेणखत मूठभरच, कारण जास्त खत दिलं की हे नुसतं पाल्यावर जातं. आणि पानवाल्याकडून खायचा चुना आणून, तो पाण्यात कालवून, रात्रभर ठेवून, वरची निवळी महिन्यातून एकदा घातली. निवळी गाळताना मला आमच्या अंगणाची आठवण येत होती. माणदेशात कुठेही हातभर खणा, चुनखडीचे पांढरे खडे लागतात. तिथे पाऊसच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मातीतला चुना मातीतच राहतो. लहानपणी आम्ही ते खडे घेऊन शेजाऱ्यांच्या भिंतीवर शून्य-फुली खेळायचो. एका अर्थी मी मुलुंडच्या गच्चीवर, चमच्या-चमच्याने, दहिवडीची माती तयार करत होतो. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी पहिली कळी आली. तो पंधरवडा मुंबईत खराखुरा गारवा असतो, सकाळी खाडीवरून वारा येतो आणि माणसं ठेवणीतले स्वेटर काढतात. कळी चपटी, बटणासारखी. ती चार-पाच दिवस रोज थोडी थोडी उलगडत गेली. आधी कडेची फुलं, मग आतली. हो, कारण ते एक फूल नसतंच. भिंग घेऊन पाहिलं तर एका चकतीवर कितीतरी लहान फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. कडेची मोठी, झालरीसारखी बाहेर वळलेली, मधली लहान, पाच पाकळ्यांची. प्रत्येकातून चार पुंकेसर वर येतात आणि टोकाला परागांची पिशवी. त्याच त्या टाचण्या. फुलोरी माश्या, आपल्याकडच्या लहान मधमाश्या, त्या टाचण्यांवरून चालत जायच्या, एकीवरून दुसरीवर, आणि त्यांच्या वजनाने दांडा हलायचा. मी नऊच्या उन्हात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून हे बघायचो. ही खालून हाक मारायची, चहा गार झाला म्हणून.

आणि ते थांबलं नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मात्र फुलत राहायला त्याची एक अट आहे. सरलेलं फूल लगेच कापायचं, आणि नुसतं डोकं नाही, दांडा जिथे पानाच्या बेचक्यातून निघतो तिथपर्यंत. कापलं नाही तर झाड बी धरतं, आणि बी धरलं की त्याला पुढे फुलायची गरज वाटत नाही. पहिल्या पहिल्यांदा सरलेलं फूल कोणतं आणि नवी कळी कोणती हेच कळत नसे, दोन्ही हिरवी, दोन्ही गोल. मग लक्षात आलं, कळी चपटी असते आणि सरलेलं डोकं वर फुगतं, घुमटासारखं. तोवर मी तीन कळ्या कापून टाकल्या होत्या. कापायला मी आईचीच कात्री घेतो, लहान, दोरा तोडायची. आईसुद्धा शिवून झाल्यावर कपडा उलटा करून एक-एक लोंबता दोरा तोडायची आणि मगच घडी घालायची. सगळी फुलं मात्र कापली नाहीत. एप्रिलच्या शेवटी चार डोकी मुद्दाम वाळू दिली आणि त्यांचं बी आईच्या बटणांच्या डब्यात ठेवलं.

आई मुंबईत कधी राहिली नाही. यायची.

बाबा २०१२ साली गेले. त्यानंतर मी दर वर्षी तिला म्हणायचो, आता इथेच राहा. तिचं गणित ठरलेलं होतं. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षात निघतो, तो पाहून ती एसटीत बसायची आणि गुढीपाडव्याच्या आधी परत जायची. चार महिने. त्या चार महिन्यांत ती घर उजळून टाकायची. सोसायटीतल्या बायका ब्लाउज घेऊन यायच्या, हातमशीनची टकटक दुपारभर चालायची, हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास जिन्यात पसरायचा. संध्याकाळी मी तिला गच्चीवर घेऊन यायचो. आमच्या गच्चीवरून मिठागरांच्या पलीकडे ठाण्याची खाडी दिसते आणि हिवाळ्यात कधीकधी रोहित पक्ष्यांचा थवा उडताना गुलाबी पट्टी हलल्यासारखी दिसते. पाऊस तोंडावर आला की हे पक्षी जातात, असं मी तिला सांगितलं होतं. ती बराच वेळ तिकडे बघत होती. "शहाणी हायती," एवढंच म्हणाली. मार्च उजाडला, हवेत चिकटपणा आला की तिचं सुरू व्हायचं, हितलं पाणी अंगाला लागत न्हाई, हितं करमत न्हाई. मला दर वर्षी राग यायचा. माझ्याकडे काय कमी आहे, असं वाटायचं. ते मी बोलूनही दाखवलं आहे.

२०१९च्या फेब्रुवारीत ती इथेच न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मेच्या मध्यावर वॉकर घेऊन ती खोलीभर फिरायला लागली आणि लगेच गावाचं नाव काढायला लागली. तेव्हा माझ्या बहिणीचा फोन आला. ती दहिवडीलाच असते, आमच्याच घरात. म्हणाली, "दादा, आता जाऊ दे तिला. पावसाच्या आधी आणून सोड." मी म्हणालो, बघू. मग म्हणालो, पाऊस संपला की नेतो, दसऱ्याला. माझी कारणं खरी होती. व्यायाम घ्यायला माणूस घरी येत होता, दहा मिनिटांवर हॉस्पिटल होतं, लिफ्ट होती. तिथे काही झालं असतं तर साताऱ्याला पळावं लागलं असतं. आजही ती कारणं मला खोटी वाटत नाहीत, आणि तरी ती पुरेशीही वाटत नाहीत.

त्या वर्षी जुलै लागताच एका दिवसात सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला. माणदेशात एवढा पडायला बहुतेक वर्ष लागतं. खिडक्या दिवसच्या दिवस बंद, दोरीवरचे कपडे वाळेनात, भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके. आई पलंगावर बसून भिंतीवरून बोट फिरवायची आणि बोट बघायची. "भितीला बी घाम फुटलाय रं हितं," म्हणायची. तिची छाती भरली ती त्या महिन्यात. श्रावणात ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने गावाला न्या असं एकदाही म्हटलं नाही, त्याच्या आधी रोज म्हणायची. गावी असती तर जगली असती का? डॉक्टरांनी मला तेव्हा समजावलं होतं की या वयात खुबा मोडल्यावर असं होतं. मी मान हलवली होती.

गेल्या वर्षी मुंबईत पाऊस २६ मेलाच आला, आजवरच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. मी बेसावध होतो. धावत वर गेलो तोवर कुंड्या भिजल्या होत्या. मग टाकीच्या आडोशाला बांबू उभे करून निळं प्लॅस्टिक ताणलं, कुंड्यांखाली विटा दिल्या, रोज दोनदा बघायला जायचो. पाऊस त्यांच्यावर पडत नव्हता. पण हवाच ओली होती. वर पानं हिरवी, चांगली दिसत होती, आणि एका सकाळी मी एक झाड जरा सरळ करायला गेलो तर ते मुळापासून सुटून हातात आलं. बुडखा काळा, मऊ, कुजलेल्या बटाट्यासारखा वास. दहा दिवसांत पाचही गेली. त्या काळात माळी काही बोलला नव्हता. रिकाम्या कुंड्या त्यानेच धुवून पालथ्या घातल्या.

गच्चीच्या कठड्याला एक चीर आहे, तिच्यातून सदाफुली आली आहे. कुणी लावली नाही. तिला कुणी पाणी घालत नाही, पावसात ती कुजत नाही, मेमध्ये वाळत नाही, बारा महिने फुलते. तिचं मूळ घर मादागास्कर, पण मुंबई तिला मानवली. 'पेरेनियल' हा शब्द पाकिटावर छापतात तेव्हा कुठल्या गावी ते छापत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबरात बी टाकावं, उन्हाळ्यापर्यंत फुलं बघावीत आणि झाड मोकळं करावं, असंच या फुलांचं करतात, हे मला नंतर नर्सरीत दोघा-तिघांनी सांगितलं. मला ते पटत नव्हतं. जे झाड त्याच्या गावी चार-चार वर्षं जगतं, त्याला मी माझ्या हाताने चार महिन्यांत उपटायचं?

यंदाची झाडं त्याच डब्यातल्या बियांची. सहा लावली होती, मेच्या उकाड्यात पाच मान टाकून बसली. हे एक टाकीच्या सावलीत तगलं आहे. पानं थोडी, बुडखा अजून टणक, आणि या आठवड्यात एक कळी. चपटी. नीट बघितली.

काल रात्री मी आईची उशी काढली. मखमल कडेने विरली आहे. तिची मोठी कात्री, टेपची पत्र्याची डबी, मशीनची तेलाची कुपी, सगळ्यावर मुंबईच्या पावसाळ्यांनी गंज चढवला आहे. उशीत तीन सुया आणि काही टाचण्या अजून आहेत. एक सुई ओढून काढली. ती आतून जराशी चिकट लागली आणि दिव्याखाली धरली तर चकचकीत होती. नाकाशी नेली. खोबरेलाचा वास होता की मला तो हवा होता, ते सांगता येत नाही. पुन्हा होती त्याच भोकात टोचून ठेवली.

आज सकाळी बहिणीला फोन लावला. म्हटलं, शनिवारी निघतो, रविवारपर्यंत पोचतो, बरोबर एक कुंडी आहे. अंगणात तुळशीच्या पलीकडे जागा आहे ना, जिथे पाणी साचत नाही? जरा उकरून ठेव. सकाळचं ऊन पाहिजे, दुपारी पडवीची सावली येते तिथे. शेणखत अजिबात घालू नकोस. चुनखडीचे खडे आहेत ते काढून टाकू नकोस, राहू देत.

"कसलं झाड आहे एवढं?" ती म्हणाली.

"तुझ्या लेकीने फोटो पाठवला होता, ते."

पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. दहिवडीच्या पडवीतला तो पंखा पहिल्यापासून आवाज करतो.

"मग पावसाच्या आधी आण, दादा," ती म्हणाली.